शेवटचं नाव
कायद्याच्या वर्गाचा पहिला दिवस. कोर्टाच्या दारात उभं राहून बावीस वर्षं पक्षकारांची नावं पुकारणारा शिपाई सवयीने इथेही दारातच थबकला. घसा बसलेल्या प्राध्यापक बाईंना तो कॉलेजचाच शिपाई वाटला. त्यांनी हजेरीचा कागद त्याच्या हातात दिला. "काका, जरा नावं पुकारता? नाव येईल त्याने आधीचं काम सांगायचं." 'मीही विद्यार्थीच आहे' म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने खणखणीत पुकारा सुरू केला. वेल्डर उठला, जुळ्यांची आई उठली. "रात्रपाळी करून आलेय, घोरले तर उठवा," नर्स म्हणाली तसा सगळा वर्ग हसला. शेवटचं नाव त्याचंच होतं. त्याने तेही पुकारलं. कोणीच उठेना. "गैरहजर लिहू?" बाईंनी पेन उघडलं. कागद त्यांना देऊन तो रिकाम्या बाकापाशी उभा राहिला. "हजर, बाई. आधीचं काम, इतरांना आत बोलावणं."