काकांचा उजवा हात

वेटर टेबलक्लॉथवर पाणी शिंपडायला लागला, तेव्हाच काकूंना शंका आली. समुद्र अगदी शांत आहे, निवांत जेवा, असं कप्तानाने नुकतंच स्पीकरवरून सांगितलं होतं. मग हे कशाला, असं काकूंनी विचारलं. कापड ओलं असलं की ताटल्या घसरत नाहीत, असं म्हणून तो साळसूदपणे हसला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

काकूंनी काकांच्या गळ्याशी रुमाल खोचला. जेवणघरात सगळे त्यांना काका-काकूच म्हणत, आणि कौतुकाने बघत. कौतुक करण्यासारखं होतंच. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर काकांचा पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. तेव्हापासून काकू त्यांना भरवत, त्यांची दाढी करत, शर्टाची बटणं लावत. तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं नवऱ्याला. त्यापायी शिवणकामाचं दुकान बंद पडलं आणि आता ते विकायचं ठरलं होतं. परत गेलं की सही. "माझ्यासाठी दुकान सोडू नकोस हं," असं काका म्हणाले होते खरे, पण म्हणताना तोंड असं केलं होतं की दगडाला पाझर फुटावा. सहीआधी जरा मोकळी हवा खाऊन या म्हणून मुलाने या सहलीला धाडलं होतं.

काकू सूप आणायला उठल्या आणि जहाज एकदम कललं.

ना इशारा, ना काही. ग्लास खळ्ळकन फुटले, रिकाम्या खुर्च्या आपसूक चालायला लागल्या. काकूंचा पाय सुटला. समोर टेबलाची कड दिसली आणि आता कपाळमोक्ष होतो, एवढ्यात कोणीतरी दंडाला धरून त्यांना मागे खेचलं. पकड अशी की घट्ट वाकी रुतावी तशी बोटं दंडात रुतली. जहाज सरळ झालं. काकूंनी वळून पाहिलं, तर तो काकांचा उजवा हात होता.

दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. मग तो सुटला आणि मांडीवर जाऊन पडला. नेहमीपेक्षा जरा जास्तच मेल्यासारखा पडला, असं काकूंना वाटलं.

"आपोआप झालं बघ," काका म्हणाले.

कप्तान स्पीकरवर पुन्हा बोलायला लागला. मासेमारीची होडी आडवी आली म्हणून वळावं लागलं. अजून एखादा हेलकावा बसेल, कोणी जागा सोडू नये. काकूंचं तिकडे लक्षच नव्हतं. असं होतं कधी कधी, भीतीच्या भरात हात हलतोही, असं डॉक्टर म्हणाले होते. देव पावला असेल. पण ज्याचा गेलेला हात परत येतो, तो माणूस आधी आनंदाने रडेल, बोटं हलवून बघेल, चारचौघांना ओरडून सांगेल. काकांनी हाताकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नव्हतं. ते समोरच्या पावाकडे बघत होते.

आणि एकदा शंकेची पाल चुकचुकली की थांबते थोडीच! काकू बाजारातून यायच्या तेव्हा दोन हात लावल्याशिवाय न उघडणारं लोणच्याच्या बरणीचं झाकण कधी कधी सैल लागायचं. पावसाळी हवेने झालं असेल, असं त्या आजवर समजत आल्या होत्या.

पुन्हा एकदा हलवून बघा, असं त्यांनी काकांना सांगितलं. काकांनी दातओठ खाल्ले, चेहरा लाल केला. बोट हललं नाही. मग वेटरने सूप आणून ठेवलं, काकांनी तोंड उघडलं आणि काकूंनी सवयीने चमचा पुढे केला.

"त्या गिऱ्हाईकाला फार ताटकळत ठेवू नकोस," सूप गिळून काका म्हणाले. "दुकानाला असा भाव पुन्हा यायचा नाही."

काकूंनी चमचा खाली ठेवला. तेवढ्यात भिंती करकरल्या. वेटरांनी खांब धरले, लोकांनी टेबलं धरली, एका बाईने तर शेजारच्या अनोळखी माणसालाच मिठी मारली. काकू उठून उभ्या राहिल्या. काकांपासून हातभर अंतरावर, हात मागे बांधून. अहो खाली बसा, असं वेटर ओरडला. काकू काकांकडे बघत राहिल्या. काकाही त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या काय करताहेत हे त्यांना पुरतं कळलं होतं.

जहाज कललं. काकू घसरल्या, गुडघा खुर्चीवर आपटला आणि त्या जमिनीवर बसल्या.

तिथून टेबलाखालचं सगळं स्वच्छ दिसत होतं. काकांच्या डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट पकडलं होतं आणि मांडीवर दाबून धरलं होतं. इतकं घट्ट, की शिरा तटतटल्या होत्या. उजव्या हाताची बोटं वळवळत होती.

वेटर धावत आला. फार लागलं का, म्हणून विचारायला लागला. काकांना बघून हळहळलाही. बिचाऱ्यांना धरताही आलं नाही, म्हणाला.

काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. गुडघ्याचं नव्हतं ते.

"लागलं नाही रे," त्या जमिनीवरूनच म्हणाल्या. "इथून घरी फोन लागतो का, तेवढं सांग. एका गिऱ्हाईकाला नाही म्हणायचंय."