स्वच्छतेला एक स्टार

"आई, पुन्हा आला वं रिव्ह्यू," दीप्ती म्हणाली.

प्रेमिलानं फरशी घासायचा ब्रश खाली ठेवलासुद्धा नाही. "स्वच्छताच?"

"स्वच्छताच."

सहा महिने हेच चाललं होतं. नागपूरच्या सक्करदऱ्यातली ही खानावळ प्रेमिलानं एकटीच्या हिमतीवर उभी केली होती. पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर, वर ठेचा. खाणारा बोटं चाटत उठायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन यायचा. मग लेकीनं, दीप्तीनं, हौसेनं खानावळ मोबाईलच्या नकाशावर टाकली. दारापासून आतल्या भिंतीपर्यंतचे फोटो चढवले. आणि तिथून साडेसाती लागली. चव चांगली, पण स्वच्छता नाही. जेवण बरं, पण स्वच्छता नाही. जे कधी पायरी चढले नव्हते, त्यांनाही म्हणे स्वच्छता दिसत नव्हती.

प्रेमिलाला घाण म्हणावं! जिच्या घरी माठावरचा पेला सुलटा दिसला तरी पोरीला बोलणी बसत. पहिला शेरा ऐकला त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी कंबर कसून कामाला लागली. फरशी बदलली. हातमोजे आणले, डोक्याला टोपी आली. उन्हाळ्यात त्या टोपीखाली जीव नकोसा व्हायचा, पण काढली नाही. पहाटे दार उघडलं की सगळ्यात आधी भिंतीवरच्या तसबिरीची काच पुसायची, ही तर या घरात सून म्हणून आल्यापासूनची सवय. त्यानंतर ओटा, टेबलं, खिडक्यांचे गज, नळाच्या तोट्या. फरशीत तोंड दिसू लागलं. स्टार मात्र चारवरून दोनवर आले. आता बोला!

"सोड ना आई, लोक काहीही लिहितात," दीप्ती म्हणायची.

"इतके लोक खोटं काहून लिहितीन वं? त्यायले काहीतरी दिसतच असन."

गिऱ्हाईक आटलं. तीस तारखेला कुलूप लावू, असं नवऱ्यानं, देवाजीनं, सांगून टाकलं. आता एकच आशा उरली होती. दीप्ती मिहानमधल्या एका कंपनीत कामाला होती. तिच्या ऑफिसची चाळीस माणसं या रविवारी बाहेर जेवणार होती, आणि जागा पसंत पडली तर दर महिन्याला तिथंच. जागा ठरवायची होती तिच्या साहेबानं, विक्रमनं, आणि हा गडी रेटिंग पाहिल्याशिवाय चहासुद्धा पीत नसे. "सर, रेटिंग राहू द्या, एकदा खाऊन पाहा," दीप्तीनं त्याला गळ घातली. खानावळ आपल्या आईची आहे हे मात्र सांगितलं नाही. ओळखीनं नको, चवीनं यावेत असं तिला वाटत होतं.

गुरुवारी दुपारी विक्रम एकटाच आला. तीन भाकरी खाल्ल्या. रस्सा दोनदा मागून घेतला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबेना.

"काकू, तुमच्या हाताला काय चव आहे! रविवार पक्का समजा."

प्रेमिलाला आनंदानं काय करावं सुचेना. तो हात धुवायला बेसिनपाशी गेला. हात धुताधुता समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. रुमालाला हात पुसून त्यानं मोबाईल काढला. कुणीतरी चांगला फोटो टाकणार, म्हणून प्रेमिला धावलीच.

"थांबा जी, काच पुसून देतो म्हणजे फोटो चांगला येईन," म्हणत तिनं पदरानं तसबिरीची काच पुसायला घेतली. ती बाजूला व्हायच्या आतच त्यानं फोटो काढला. पैसे दिले आणि निघून गेला. जाताना काही बोलला नाही. घाईत असेल, तिला वाटलं.

आज शनिवार. दीप्तीनं खुर्चीवर बसून रिव्ह्यू वाचून दाखवला. "चव चांगली आहे. स्वच्छता नाही. चार चांगल्या घरच्या लोकांना घेऊन जाण्यासारखी जागा नाही. सोबतचा फोटो पाहून ठरवा." एक स्टार. लिहिणारा विक्रम. ऑफिसच्या ग्रुपवरही त्याचा निरोप आला होता. रविवारचं जेवण दुसरीकडे.

"फोटो हाये?" प्रेमिला एकदम उठली. ओले हात तिनं लुगड्याला पुसले. "मंग दाखव मले. सहा महिने सारे नुसते नाही नाही म्हणून राहिले. कुठं घाण हाये ते दिसन तरी!"

"आई, राहू दे ना."

"दाखव म्हणतो ना!"

दीप्तीनं मोबाईल पुढे केला आणि मान खाली घातली. प्रेमिलानं चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, वर सरकवला, खाली सरकवला. फोटोत फरशी नव्हती. ताट नव्हतं, बेसिन नव्हतं. फोटोत नुसती भिंत होती. भिंतीवर, छप्पन साली दीक्षाभूमीवरून पांढऱ्या कपड्यांत परतताना सासऱ्यानं आणलेली बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तिची काच पुसणारा प्रेमिलाचा स्वतःचा हात होता.

काचेवर एक डाग नव्हता. तरी ती बराच वेळ शोधत राहिली. मग तिनं चष्मा काढला.

"दीप्ती, मंग मी सहा महिने काय घासून राहिली होती वं?"