केरूच्या मानेतली गाठ

“बरं केलंत, यांना घेऊन आलात,” डॉक्टर गोदाला म्हणाले. “मी वाटच बघत होतो.”

गोदाने पदर मानेभोवती ओढून घेतला. “आधी यांची गाठ बघा, डॉक्टर.”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांनी खुर्ची केरूजवळ सरकवली.

केरू चिऱ्याच्या खाणीवर दगड काढायचा. दिवाळीपासून त्याचा आवाज बसला होता आणि आता कानाखाली सुपारीएवढी गाठ आली होती. त्याचा थोरला भाऊ असाच आधी आवाज बसून मग वारला होता. त्यामुळे केरूला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरांनी आरसा घालून घसा बघितला. आत सूज होती.

“कॅन्सरची शंका आहे. गाठीत उतरलाय का, ते सुईने कळेल. उतरला असेल तर मुंबई गाठावी लागेल.”

“कापणार?” केरूने घोगऱ्या आवाजात विचारलं.

“कापत नायत हो,” गोदा म्हणाली. “बारीक सुई असते. मुंगी चावल्यागत होतं. फक्त गिळू नका.”

पहिल्या सुईत नुसतं रक्त आलं. सोनोग्राफीत बघून पुन्हा टोचावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. केरू ताडकन उठला.

“बास झालं. चल गो घरी. मरायचंच, तर माझ्या अंगणात मरेन.”

“बसा खाली.”

गोदा त्याच्याशी असं कधी बोलली नव्हती. तो बसला. पडद्यावर गाठ दिसत होती आणि तिच्यात शिरलेलं सुईचं टोकही. सुईत आलेलं डॉक्टरांनी काचपट्ट्यांवर पसरलं आणि तपासायला पाठवलं.

स्टँडवर केरू एस.टी.डी. बूथसमोर थांबला. “संदेशला फोन लावूया? पोरगा मुंबयला आहे, त्याला कळू दे.”

“आपल्याला तरी कुठं कळलंय अजून? नंतर लावू.” तिने त्याला वडापाव घेऊन दिला. स्वतः चहा निववून घोटघोट प्यायली.

गाडीत केरू म्हणाला, “मी गेलो तर तू संदेशकडे जा.”

“तुमी कुठं जात नाय.”

“कशावरून?”

गोदाने पदर पुन्हा मानेभोवती ओढून घेतला.

निकाल येईपर्यंतचे दिवस सरता सरेनात. केरू अंगणात बसून असायचा. गोदा त्याला भाकरी वाढायची, आपण पेजेवर राहायची. तीही अर्धी टाकून उठायची.

“माझ्या काळजीनं वाळत चाललीस गो,” एकदा तो म्हणाला.

तिने भांडी उचलली आणि ती आत गेली.

पुढच्या आठवड्यात दोघं पुन्हा डॉक्टरांसमोर बसली. गोदाने केरूचा हात घट्ट धरला होता.

“गाठीत कॅन्सर नाही,” डॉक्टर म्हणाले. “टीबी आहे. घशातही तोच दिसतोय. सगळ्या गोळ्या न चुकता घेतल्यात, तर बरे व्हाल.”

केरूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत राहिले. मग तो रडता रडताच हसला.

“ऐकलंस काय गो? मुंबयला जायला नको!”

गोदाने डोळे मिटले होते. ओठ पुटपुटत होते. गावच्या देवीला ती काय म्हणाली, ते कुणाला ऐकू आलं नाही.

“ऊठ,” केरू म्हणाला. “दुपारची गाडी मिळेल.”

ती उठली नाही.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “आता माझ्या सुईत काय निघालं, ते सांगा यांना.”