साधा पट

“काका, ती माझी सोंगटी,” नील म्हणाला.

सुब्बरावांनी हात मागे घेतला. कपाळ पुसलं, पटाकडे पुन्हा नीट पाहिलं आणि शेजारची सोंगटी उचलली. तीही नीलचीच निघाली.

“अय्यो, चुकलं की,” ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

अग्रहार भागातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत आज निकाल लागायचा होता. सुब्बरावांच्या मुलीने, पूजिताने, ‘कालवा’ नावाचा खेळ तयार केला होता. दोघांनी खेळायचा, चांगलं डोकं लावून. आपलं पाणी बन्नूर गावच्या उसाला जो आधी पोचवील, तो जिंकला. तिचा पट साधा, म्हणजे अगदीच साधा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या रेघा, एकाच्या सोंगट्या गोल, दुसऱ्याच्या चौकोनी. भूमितीचा पेपर बरा, असं त्याचं रूप.

ते पाहून तिची मैत्रीण ईश्वरी हळहळली. ईश्वरी पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेली, हात चित्रकाराचा. ती नोकरी सोडून या पटाच्या मागे लागली. तिने काठाला ऊस काढला, मध्ये भात काढला, पाण्यात बगळे उभे केले. सोंगट्या म्हणजे लाकडाचे गुटगुटीत शेतकरी, सगळे एकसारखे. एका बाजूची पागोटी लाल, दुसरीची हिरवी. एक रंग दुसऱ्यावर चढू नये म्हणून दोन्ही सारखेच गडद साधायला तिने जिवाचं रान केलं होतं.

नील हा बंगळूरच्या प्रकाशकाचा माणूस. त्याला एकच पट छापायचा होता. चित्रांनी खेळ खुलतो, असं ईश्वरीचं म्हणणं. चित्रं विचाराच्या आड येतात, असं पूजिताचं. यावरून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या होत्या. साधा पट छापला तर ईश्वरीची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती आणि मैत्रीही तिच्यामागून जाणार, हे दिसतच होतं.

शेवटी नीलनेच तोड काढली. साध्या पटावर सुब्बरावांना कुणी हरवू शकत नसे. नीललाही त्यांनी सकाळी धूळ चारली होती. “काका रंगीत पटावर तसेच खेळले, तर चित्रं आड येत नाहीत हे ठरलं. मग रंगीत छापू. नाही खेळले, तर साधा.”

“बेडा, बेडा,” नको नको म्हणत सुब्बरावांनी हात झटकले होते. “मला कशाला मध्ये घेता? साधंच छान आहे की.”

पण पूजिताने त्यांना दंडाला धरून बसवलं. “अप्पा खोटं खेळणार नाहीत,” ती नीलला म्हणाली. मोठ्या अभिमानाने म्हणाली.

साधेपणा सुब्बरावांच्या अंगातच होता. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवण्याचं काम. हे मात्र मिसरूड फुटताच नजरबादच्या कचेरीत कारकून झाले. ‘रावसाहेबांना हात रंगवायला नकोत,’ अशी भाऊबंदांनी नावं ठेवली. वडील तर मरेपर्यंत त्यांच्याशी धड बोलले नाहीत. सुब्बराव कपडे पांढरे घालत. बायकोला त्यांनी आपण होऊन कधी एक साडी आणली नाही, आणि पुष्पावती हे आल्यागेल्याला कॉफीबरोबर ऐकवत असत.

डाव त्यांनी झकास सुरू केला होता. दोघांच्या सोंगट्या आपापल्या बाजूला होत्या तोवर नीलला घाम फुटला होता. पण मधल्या भातात सोंगट्या एकमेकींत मिसळल्या आणि सुब्बराव बिघडले. ते पटाकडे कमी आणि नीलच्या हाताकडे जास्त बघू लागले. त्याने कुठली उचलली, कुठे ठेवली, तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागले. त्यांची बोटं सोंगट्यांवर नुसतीच फिरत राहिली.

मग त्यांनी स्वतःच्याच कालव्यावर बांध घातला.

ईश्वरी ताडकन उठली. “मुद्दाम हरताय तुम्ही, काका! लेकीचा पट छापावा म्हणून. गोल-चौकोनाची टूमही तुमचीच होती, माहीत आहे मला. सरळ सांगायचं होतं. मी गेले असते.” तिचा आवाज फाटला.

दारात पुष्पावती कॉफी घेऊन उभ्या होत्या. सुब्बरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान पूजिताने पाहिली. तिला वेगळं काही विचारावंसं वाटलंच नाही.

“नील, रंगीतच छापा,” ती म्हणाली. “माझे अप्पा असले खेळ खेळून माझा पट जिंकवणार असतील, तर मला तो नको.” ती आत निघून गेली. पुष्पावती तिच्या मागे गेल्या. नील फोन करायचा म्हणून बाहेर सटकला.

ईश्वरी जिंकली होती, आणि सोंगट्या डब्यात भरताना तिला रडू आवरत नव्हतं. दोन कमी पडल्या. तिने वर पाहिलं.

सुब्बराव तिच्यासमोर येऊन बसले होते. जन्मात त्यांना कुणी लबाड म्हटलं नव्हतं, आणि आज पोटची मुलगी न म्हणता म्हणून गेली होती. त्यांचे डोळे भरले होते. आतल्या दाराकडे एकदा बघून त्यांनी दोन्ही मुठी उघडल्या. दोन्ही तळव्यांवर एकेक शेतकरी होता.

“खोटं नाही गं खेळलो,” ते म्हणाले. “ह्यातला लाल कुठला, तेवढं सांग. हळू सांग. रंगाऱ्याचं घर आहे की हे.”