पिवळी कडी

हळदीकुंकवाला आलेली जयवंता दाराबाहेरच थबकली. तिने हात लावताच सभागृहाची कडी पिवळी झाली होती.

घामातून हेपॅटायटिस सीचा माग काढणारी ही कडी काचेच्या दाराला दोन्ही बाजूंनी होती. ‘सोबत’ मंडळाच्या हेमलताताईंनीच ती हट्टाने बसवून घेतली होती. आजार लवकर कळावा आणि औषध वेळेत मिळावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

“अगं, ती औषधाने बरी झालीय,” ताई आत बसलेल्या बायकांना समजावत होत्या. “रक्तात जुनी खूण उरते, कडीला तेवढंच कळतं.”

“कडी काय खोटं बोलते होय?” विजूकाकू म्हणाल्या. “तिचं वाण बाहेरच द्या.”

“मीच आणते तिला आत,” म्हणत ताई उठल्या. एरवी अध्यक्षांचा मान म्हणून त्यांच्यासाठी कुणीतरी धावत जाऊन दार उघडायचं. आज कुणीच हललं नाही. ताईंनी पहिल्यांदाच स्वतः आतली कडी धरली.

त्यांच्या बोटांखाली ती हळूहळू पिवळी झाली.

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग विजूकाकू अगदी मायेने म्हणाल्या, “ताई, तुमचंही वाण बाहेरच आणून देते हं.”