चाकावरचा हात

"थांबव," उबैद म्हणाला.

हिलालने ब्रेक मारला तो रागानेच. मागे ट्रेलरला हिसका बसला आणि त्यावरची होडी पट्ट्यांत करकरली. ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूरहून निघाल्यापासून म्हाताऱ्या बापाचं हेच चाललं होतं. मध्येच गाडी थांबवायची, खाली उतरायचं, ट्रेलरच्या दोन्ही चाकांपाशी वाकून मधल्या हबवर तळवा टेकवायचा, नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. मग कंबर सरळ करून गाडीच्या दाराकडे बघत उभं राहायचं. पोराने बेअरिंगांत ग्रीसऐवजी वाळू भरल्यासारखं.

हिलालच्या डोक्यात तिडीक गेली. ती बेअरिंगं त्याने स्वतः काढली होती. रॉकेलमध्ये धुतली होती, पुसून वाळवली होती, तळहातावर ग्रीस घेऊन फटीफटीत दाबून भरलं होतं. सीलंही नवी ठोकली होती. नट तर अंगातली सगळी ताकद लावून आवळले होते, सैल सोडले म्हणून कुणी नावं ठेवायला नकोत. उबैद तेव्हा ओट्यावर बसून नुसता बघत होता. एरवी या कामाला तो कुणाला शिवू द्यायचा नाही. यंदा मात्र चार लोकांदेखत म्हणाला होता, "होडी आता हिलालची. नाखवा तोच."

नाखवा म्हणे! द्यायचं तर मोकळ्या मनाने द्यावं ना माणसाने. लोकांसमोर होडी द्यायची आणि भर रस्त्यात काढून घ्यायची, ही कुठली रीत?

तेवढ्यात चुलतभाऊ खमीसची गाडी शेजारी येऊन हळू झाली. तिच्याही मागे होडी होती. उद्या सुरमईवरची बंदी उठणार होती आणि सगळा किनारा मसीरा बेटाकडे निघाला होता.

"काय रे हिलाल, चाकांना ताप आलाय का? काका नाडी बघतायत!"

गाडीतले सगळे खिदळले. खमीस हॉर्न वाजवत पुढे गेला.

वाटेत अशखराच्या पेट्रोल पंपावर ते चहाला थांबले. मलबारी पोऱ्याने उकळता, दाट करक चहा कागदी पेल्यांत ओतला. हिलाल पेला या हातातून त्या हातात करत राहिला. उबैदने मात्र तो मुठीत घट्ट धरला आणि सावकाश संपवला. चहासुद्धा हट्टाने पितात, हिलालच्या मनात आलं. बाप पुन्हा चाकांकडे गेला तेव्हा तो मुद्दाम गाडीत जाऊन बसला. आरशात त्याला दिसत होतं, म्हातारा वाकला, उठला आणि पुन्हा दाराकडे बघत राहिला. बघू दे. किती वेळ बघतो ते बघू. बराच वेळ गेला. मग उबैद निमूटपणे आत येऊन बसला आणि म्हणाला, "चल."

पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या टेकड्या लागल्या. सावल्या लांबू लागल्या. शन्ना बंदरातून मसीराला जाणारी शेवटची फेरीबोट चुकली तर रात्र धक्क्यावर काढावी लागणार होती आणि खमीस सकाळी चांगली जागा पकडणार होता. वर्षभर ऐकवणारही होता.

"थांबव," उबैद म्हणाला.

"नाही थांबवत."

"हिलाल, थांबव."

त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. "एकदा काय ते स्पष्ट सांगा, बाबा. माझ्यावर भरवसा नाही म्हणा. मी गाडी इथेच ठेवतो. तुम्हीच व्हा नाखवा, तुम्हीच करा सगळं. पण ही लोकांसमोर चाललेली शोभा मला सहन होत नाही."

उबैद खाली उतरला, उजव्या चाकापाशी गुडघा टेकून बसला आणि त्याने हबवर हात ठेवला. या वेळी तो उठलाच नाही.

हिलालने दार धाडकन उघडलं. "सरका. मला बघू दे किती तापलंय ते."

बापाच्या हाताशेजारी त्याने तळवा टेकला आणि ओरडून मागे घेतला. हब तव्यासारखा तापला होता. ग्रीस जळाल्याचा वासही त्याला आता आला. बापाचा हात मात्र अजून तिथेच होता, अगदी निवांत.

हिलालने मनगट धरून तो खेचला. तळव्यावर पांढरा फोड टरारून आला होता. उबैद त्या फोडाकडे दुसऱ्या कुणाचा हात असल्यासारखं बघत होता.

"बाबा, भाजलंय तुम्हाला. कळलं नाही?"

"साखरेच्या आजाराने हाताची जाणीव गेली. वर्ष झालं." उबैदने हात लुंगीला पुसला. "गळाची दोरी हातातून सुटली तरी कळत नाही. होडी तुला उगाच दिली का?" मग चाकाकडे मान वळवून म्हणाला, "नट फार आवळलायस. थंड होऊ दे, मग जरासा मागे फिरव. तो थोडा सैल लागतो."

"मग मला सांगितलं का नाही?" हिलालचा आवाज चढला. "सूरपासून मी गाडीत बसून जळतोय. एका शब्दाने बोलायचं होतं."

म्हातारा आता खरोखर संतापला. जखमी तळवा त्याने पोराच्या तोंडासमोर धरला.

"बापाचा हात मेलाय, हे बापाने तोंडाने सांगायचं? सूरपासून गाडी थांबवून दाराकडे बघतोय, की आता तरी तू उतरशील आणि स्वतःचा हात लावशील."