पोरीची तबकडी

गिटारवाला दुकानाची पायरी चढला आणि तिथेच थबकला. आत त्याच्याच बँडची तबकडी लागली होती, पण गाणारा कुणीतरी झोपमोड झालेला हवालदार वाटत होता.

शिंपीकाका एका विजारीची कड उसवत होते. मान वर न करताच त्यांनी त्याला स्टुलावर बसायला सांगितलं. तबकडीवर गात होती ती त्यांची मुलगी. तबकडी छापून यायच्या आधीच ती तापाने गेली. काकांनी मग जुन्या बाजारातून तबकड्या वाजवायचं यंत्र आणलं, आणि तेव्हापासून दुकानात शिलाई मशीन आणि पोरगी, दोन्ही दिवसभर चालू असत.

गिऱ्हाइकांनी सुरुवातीला कुरकुर केली. एकाने यंत्राला तेल घाला म्हणून सुचवलं. काका प्रत्येकाला शांतपणे सांगत, हे सायकेडेलिक आहे, ते असंच असतं. शब्द भारदस्त होता. कळलं नाही असं कबूल करायची कुणाची छाती होईना. लोक माप देताना डोळे मिटून डोलू लागले. एका हेडमास्तरांना तर त्यात पोटऱ्यांचं माप चालू असताना अध्यात्म सापडलं. काकू मात्र पडद्याआड स्वयंपाकघरात राहत. त्यांना सोसवत नसेल, असं काकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

गिटारवाल्याने बरीच बोटं मोडली. शेवटी म्हणाला, "काका, ही तबकडी जलद फिरवायची असते. बटण हळूवर राहिलंय."

काकांनी कात्री खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, तूच लाव बाबा, माझे हात खडूचे आहेत.

त्याने बटण सरकवलं. छताला चिकटलेल्या माशांबद्दल काहीतरी गाणं होतं. त्याचा अर्थ आताही लागला नाही. पण आवाज हलका झाला, वर चढला, आणि दोन ओळींच्या मधे तिने नाक ओढलं. सर्दी तिला बारा महिने असायची.

आत नळ बंद झाला. पडदा सरला. काकूंच्या कोपरापर्यंत साबणाचा फेस होता.

"पोरगी आली?" त्यांनी विचारलं.

काका उठले, यंत्रापाशी गेले आणि खडूच्या हातानेच बटण मागे ओढलं. आवाज जडावला, खाली खाली गेला, परका झाला.

काकू थोडा वेळ कान देऊन उभ्या राहिल्या.

"छे," त्या म्हणाल्या, "दुसरीच कुणीतरी आहे."

पडदा पडला, आणि आत नळ पुन्हा वाहू लागला.